एक वीत पाणी

ही घटना खरी आहे. खरी म्हणून सांगताना माझाच आवाज जरा अडखळतो, कारण बराचसा भाग मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. पण ज्यांनी पाहिला ते शेषेराव माझे दाजी. माझ्या बहिणीचे यजमान. तीस वर्षं त्यांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडली. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की ते उठून बाहेर जायचे. भीतीने नाही, कंटाळ्याने.

आणि ही गोष्ट रात्रीची नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरचा शनिवार. दुपारचे अडीच. अंगणात लख्ख ऊन. गाव मुखेड तालुक्यातलं, धरणाच्या फुगवट्याच्या काठचं. त्याचं नाव देत नाही.

दाजींची मुलगी राजकन्या पाण्यापलीकडच्या वस्तीवर शाळेत शिकवते. रस्त्याने जायचं तर दोन एसट्या बदलून अडीच तास. गावातल्या पिराजी नावाड्याच्या होडीने वीस मिनिटं. पण होडी वल्ह्याची. पावसाळ्यात एकदा वारा सुटला आणि होडी दोन तास भलतीकडेच वाहत गेली. काठाला लागली तेव्हा राजकन्या होडीची कड दोन्ही हातांनी धरून बसली होती. तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

दाजींनी ती सोडवली होती.

त्याच दिवशी त्यांनी ठरवलं. होडीला मोटार बसवायची. दिवाळीच्या सुट्ट्या संपून सोमवारी शाळा उघडणार होती, त्याच्या आत.

मोटार त्यांना नांदेडच्या भंगारात मिळाली. होडीच्या मागे अडकवायची, जुनी, लहानशी. वर इंजिन, खाली लांब पाय, पायाच्या टोकाला तीन पात्यांचा पंखा. गावात मोटार म्हणजे विहिरीवरची. पिराजी बघायला आला आणि हसतच सुटला.

"दादा, ही कोणत्या विहिरीत सोडायची? उसाला पुरंल का?"

"तुझ्या वल्ह्यांना पेन्शन द्यायला आणलीय," दाजी म्हणाले. "तो पाना दे इकडं."

दाजींनी ती पार खोलली. जाम झालेला पिस्टन डिझेलमध्ये भिजवून सोडवला. कार्बोरेटर धुतला. रिंगा आणि रबरं नवी घातली. मग जुना रंग खरवडायला घेतला.

राखाडीखाली निळा निघाला.

निळ्याखाली लाल.

आणि तिन्ही रंग... कोरे होते.

अशी मोटार होडीला एकदा जरी आवळली, तरी आवळल्या जागचा रंग जातो. इथे तो कुठेच गेला नव्हता. म्हणजे तीन वेळा कोणीतरी ती हौसेने रंगवली होती. आणि तिन्ही वेळा ती होडीला न लावताच ठेवून दिली होती.

दाजींना हे खटकलं. पण शनिवार उजाडला होता. त्यांनी नारंगी रंग मारला, पाण्यात लांबून दिसावा म्हणून, आणि ती उन्हात वाळत ठेवली.

दुपारी चाचणी. अंगणात दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम. त्याच्या कडेला फळी बांधून मोटार अडकवली, पंखा पाण्यात. ड्रम काठापासून एक वीत रिकामा ठेवला होता. पंखा पाणी उडवतो, म्हणून.

तेवढ्यात माझी बहीण, धुरपता, फुगवट्याच्या पाण्याने भरलेली कळशी घेऊन आली.

"हे कामून?" दाजींनी विचारलं.

"ज्या पाण्यात चालायची, त्याची तिला आधी ओळख नको का?" तिने मोटारीला हळदकुंकू लावलं आणि कळशी ड्रममध्ये रिकामी केली. त्या कळशीनेच सगळं झालं, असं तिला आजही वाटतं. मला काय वाटतं, ते मला नीट सांगता येत नाही.

दोरी ओढली. चौथ्या झटक्याला मोटार लागली. निळा धूर, पाण्याचे फवारे. दाजींच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू आलं असेल. त्यांचं ते हसू मी एरवी पाहिलेलं आहे, म्हणून सांगतो.

दोन मिनिटं गेली.

मग... ठक.

इंजिन भरधाव ओरडत राहिलं. पंखा थांबला होता.

दाजींनी मोटार बंद केली. पंख्याच्या दांड्यात पितळेची एक पिन असते, मुद्दाम मऊ ठेवलेली. पंखा दगडाला नाहीतर खोडाला आपटला की ती तुटते आणि इंजिन वाचतं. कशावर तरी आपटल्याशिवाय ती तुटत नाही.

पिन तुटली होती.

ड्रममध्ये पाण्याशिवाय काहीही नव्हतं. त्यांनी काठी घालून तळ चाचपला. काही लागलं नाही.

दुसरी पिन घातली. दोरी ओढली.

ठक.

या वेळी त्यांनी पंखा नाही, पाणी पाहिलं. दोनदा चालून मोटारीने अंगणभर पाणी उडवलं होतं. पायाखाली चिखल झाला होता. ड्रममधलं पाणी कमी व्हायला हवं होतं.

ड्रम... काठोकाठ भरला होता.

"तू अजून कळशी ओतली का गं?"

"न्हाई बा," धुरपता आतून म्हणाली. "या, चहा झालाय."

दाजींनी मोटार वर उचलली. पाय बाहेर आल्यावर पाणी बोटभर तरी उतरायला हवं. ते जेमतेम तेवढंच उतरलं. काठाची वीत काही रिकामी झाली नाही.

ते आत गेले. चहा घेतला. किती वेळ? पाच मिनिटं, ते म्हणतात.

परत आले तेव्हा पाणी एक वीत खाली गेलं होतं. वीतभर आणि वर थोडं.

ड्रम कुठे गळत नव्हता. बाहेर नवीन ओल नव्हती. दाजी यंत्राचे माणूस. त्यांना दुसरं काही सुचलं नाही, एवढंच सुचलं की हौदातून माणूस बाहेर निघाला की पाणी असंच उतरतं.

ते बराच वेळ अंगणाकडे पाठ न करता उभे राहिले.

त्यानंतर मोटार अर्धा तास चालली. पिन तुटली नाही.

रविवारी दुपारी त्यांनी राजकन्येला घरीच ठेवलं आणि पिराजीला घेऊन पाण्यावर गेले. पिराजीच्या होडीला बाहेरून एक पांढरी पट्टी मारलेली आहे. पाच माणसं बसली की पाणी पट्टीला लागतं. त्याहून जास्त तो घेत नाही.

दोघं बसले. मोटार मागे आवळली. तिचं वजन वीस किलो.

पाणी पट्टीला लागलं.

"दादा, तुमची मोटार लईच जड हाय की!" पिराजी म्हणाला.

दाजींनी दोरी ओढली. होडी छान पळाली. ऊन होतं, बगळे होते. पाण्याच्या मधोमध काहीही झालं नाही. पलीकडे काठ आला, वरती शाळेचा पिवळा पत्रा दिसायला लागला. होडीचं नाक मातीला टेकलं. दोघंही अजून बसलेले होते.

आणि होडी... वर उचलली गेली.

पट्टी पाण्याच्या वर आली. चांगली चार बोटं.

पिराजीचं हसू गेलं. त्याने काठाकडे पाहिलं. काठावर कोणी नव्हतं.

"उतरलं," तो हळूच म्हणाला.

परत येताना होडी हलकी होती.

घरी आल्यावर दाजींनी मोटार सोडून पोत्यात घातली. राजकन्या कमरेवर हात ठेवून उभी.

"अप्पा, काय करून राहिलात?"

"तू बदली माग. ती होडी भलतीच जड होते. तिकडं जायचं न्हाई."

"म्हणजे होडी जड झाली म्हणून शाळा सोडू? एकोणीस लेकरं हायत तिथं, अप्पा. मी न्हाई गेले तर कुलूप लागतं. मोटार देत नसाल तर ऱ्हाऊ द्या. पिराजीकाका वल्ह्यानं नेतील."

दाजींना तिची बोटं आठवली. होडीच्या कडेला घट्ट रुतलेली, पांढरी पडलेली.

त्यांनी पोतं सोडलं.

सोमवार ते गुरुवार काही घडलं नाही. दाजी रोज संध्याकाळी साडेपाचला काठावर जाऊन उभे राहायचे. लांबून आधी नारंगी ठिपका दिसायचा, मग पांढरी पट्टी. पट्टी पाण्याच्या वर. ते मोठा श्वास घ्यायचे.

शुक्रवारी नारंगी ठिपका दिसला.

पट्टी... दिसेना.

होडीत दोघंच होते. पिराजी आणि राजकन्या. तिने लांबूनच हात हलवला. होडी काठाला लागली, ती डबा सांभाळत खाली उतरली, आणि होडी एकदम वर आली. राजकन्या किडकिडीत पोरगी. ती एकटी उतरल्याने होडी एवढी उचलली जात नाही.

पिराजी होडीतच बसून राहिला. त्याने मान वर केली नाही.

"चला की, अप्पा. भूक लागलीय."

ती पुढे, दाजी मागे. काठाला ओली माती होती. तिथे पावलं एकाच माणसाची उमटत होती, तिची. पण खोल. शेजारी उमटणाऱ्या दाजींच्या पावलांच्या दुप्पट खोल.

राजकन्या ठणठणीत आहे. जेवते, हसते, शाळेत जाते. त्या शुक्रवारचं तिला कोणीही सांगितलेलं नाही. मोटार अजून चालते. होडी आता कधीच जड होत नाही, असं पिराजी म्हणतो, पण तो दाजींच्या घरी येत नाही.

जानेवारीत राजकन्या लातूरला माझ्याकडे दोन दिवस राहून गेली. परत निघताना मी तिला ऑटोने स्टँडवर सोडायला गेलो. तिची पिशवी माझ्या मांडीवर होती, अगदी हलकी. चढावर ऑटो धापा टाकायला लागला, मग जवळजवळ थांबलाच.

"मागं किती जण बसलेत, काका?" ऑटोवाल्याने समोर बघतच विचारलं. "गाडी वढंना."

"मामा, लई खाता तुम्ही!" राजकन्या खळखळून हसली.

मी आमच्या दोघांमधल्या जागेकडे पाहिलं. मग तिच्या पलीकडच्या जागेकडे.

"दोघंच," मी म्हणालो.

पण ते म्हणायला मला वेळ लागला.