हिरवा दिवा म्हणजे आई पलंगावर

२०१४ सालचा उन्हाळा होता.

ही घडलेली गोष्ट आहे. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडलेली. खोटं मी सांगणार नाही. खोटं सांगितलं की ते लक्षात ठेवावं लागतं, आणि तेवढी ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

भुताच्या गोष्टी मध्यरात्री घडतात म्हणे. ही भर दुपारी घडली. जेवणं उरकलेली, भांडी निथळत ठेवलेली आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही, अशा वेळी.

तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. मी आणि हे. तिसऱ्या मजल्यावरचं घर. एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला सासूबाईंची खोली, मधे लांबट अंधारा पॅसेज.

सासूबाईंना जाऊन सहा महिने होऊन गेले होते. तरी खोली त्यांचीच म्हणायची सवय. ती अजूनही गेलेली नाही.

आधी ह्यांच्याबद्दल सांगते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला, आणि यंत्रांचं वेड त्याच्याही आधीपासूनचं. लग्न होऊन आठवडा झाला नाही तोच माझ्या माहेरचा रेडिओ ह्यांनी उघडून पसरून ठेवला. माझ्या थोरल्या भावाने तेव्हाच नाव ठेवलं, बटणराव. ते जन्मभर चिकटलं.

पुढे टेपरेकॉर्डर आला, व्हिडिओ आला. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला धूळ लागू नये म्हणून मी जुन्या पडद्याचा झगा शिवला. पाहुण्यांनी पाय पुसल्याशिवाय त्या खोलीत जायचं नाही, असा हुकूम होता. सासूबाई म्हणायच्या, नात झाली तेव्हासुद्धा एवढं सोवळं पाळलं नव्हतं.

नवं यंत्र घरात आलं की ह्यांचं एकच वाक्य.

"आता तुझा त्रास वाचला बघ."

त्या दिवसापासून माझा त्रास वाढायचा. यंत्र पुसा, त्याची खोकी जपा, त्याच्या वायरींना अडखळा. जुनं यंत्र टाकायचं नाही, कारण त्याचा एखादा भाग पुढच्या यंत्राला लागणार. ह्यांनी आयुष्यात एक चालता स्क्रूसुद्धा फेकला नाही. हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवा.

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. बरं झालं, पण एकटीने उठायचं नाही अशी सक्त ताकीद मिळाली. त्या कसल्या ऐकतात. हाक मारणं म्हणजे त्यांना कमीपणा वाटायचा.

मग ह्यांनी पट्टी बनवली.

गादीखाली एक चपटी पट्टी. तिची वायर पॅसेजमधून स्वयंपाकघरापर्यंत, आणि तिथे ओट्याच्या वर एक डबी. पट्टीवर वजन असेल तोवर डबीवर हिरवा दिवा. वजन उठलं की लाल दिवा, आणि घंटी. टिंग... टाँग. दिव्यांखाली ह्यांनी आपल्या सुरेख अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. हिरव्याखाली 'आई पलंगावर'. लालखाली 'आई उठली'.

"आता तुझा त्रास वाचला बघ."

तीन वर्षं मी त्या घंटीवर धावले. कणकेच्या हातांनी धावले, तोंडातला घास तसाच ठेवून धावले. सासूबाईंना त्यात गंमत सापडली होती. मुद्दाम कुशीवर व्हायचं आणि घंटी वाजवायची. मी धापा टाकत पोचले की म्हणायच्या, "काही नाही गं, जागी आहेस का ते बघितलं."

मी कधी हसायचे. कधी हसायला यायचं नाही.

खरंच उठायचं असलं की मी डावा हात कोपरात वाकवून पुढे करायचे. त्या माझं मनगट धरायच्या आणि अंगठा हाडावर घट्ट रोवायच्या. एक पाऊल, थांबा. एक पाऊल, थांबा. असा तो पॅसेज पार करून आम्ही स्वयंपाकघरात यायचो. तिथे खिडकीपाशी त्यांची खुर्ची होती. तिच्यात बसून माझ्या चुका काढणं हा त्यांचा विरंगुळा.

त्या गेल्या त्या दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. ह्यांच्या डोक्यात आलं होतं की घंटी मोबाइलवरही वाजावी, म्हणजे बाहेर असलं तरी कळेल. त्यांनी डबी भिंतीवरून उतरवली आणि टेबलावर उघडली. एक बारीकसा भाग कमी पडला. तो आणायला हे कोपऱ्यावरच्या दुकानात गेले.

जाताना मला सांगायचं त्यांच्याकडून राहिलं.

मी खाली आले तेव्हा घर शांत होतं. घंटी नाही म्हणजे सासूबाई झोपल्यात, असं मी धरलं.

त्या पॅसेजमध्ये पडल्या होत्या. तोंड स्वयंपाकघराकडे.

नणंद आली. रडून झाल्यावर ती ह्यांना एवढंच म्हणाली, "दादा, आईला हात हवा होता रे. घंटी नको होती."

ह्यांनी रात्री डबी बंद केली, तो नवा भाग न बसवताच, आणि होती तिथे लावून टाकली.

पलंग नणंदेने नेला. फरशीवर त्याच्या पायांचे चार डाग उरले. ह्यांनी तिथे कॉम्प्युटरचं टेबल मांडलं, आणि पट्टी खुर्चीसमोर पायपुसण्याखाली घातली. पाय ठेवले की कॉम्प्युटर जागा होणार, उचलले की झोपणार. स्वयंपाकघरात मला हिरवा दिवा दिसला म्हणजे हे कामात आहेत. घंटी वाजली म्हणजे उठले, पान वाढायला घ्यायचं. हाका मारायला नकोत.

नेहमीचं वाक्य मात्र ह्या वेळी ते बोलले नाहीत.

चिठ्ठ्या बदलायच्या राहून गेल्या.

आणि मग ती दुपार.

आम्ही दोघं स्वयंपाकघरात चहा घेत होतो. हे माझ्यासमोर बसलेले. मोबाइलची कुठलीशी नवी करामत मला समजावत होते आणि मी नेहमीसारखी मान हलवत होते. सहज माझी नजर वर गेली...

दिवा हिरवा होता.

हे माझ्यासमोर होते, आणि दिवा हिरवा होता.

मी ह्यांना दाखवलं. हे म्हणाले, दमटपणा असेल. मी म्हटलं, उन्हाळ्यात कसला दमटपणा? हे उठून बघायला निघाले, आणि...

टिंग... टाँग.

आई उठली.

आम्ही दोघंही पॅसेजमधून गेलो. खोलीत कोणी नव्हतं. कॉम्प्युटरचा पडदा नुकता मालवत होता. पायपुसणं जागच्या जागी होतं. फरशीवर चार डाग.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी वायर बदलली. हुरूप आला होता त्यांना. बिघाड सापडणं हा त्यांचा आनंद. त्या दुपारी पुन्हा हिरवा, पुन्हा घंटी. मग पट्टी बदलली. पुन्हा तेच. शेवटी पट्टी काढून कपाटात ठेवली, वायरसुद्धा गुंडाळून ठेवली. आता दोन्ही दिवे बंदच राहायला हवेत, असं मला समजावलं.

जेवणं झाली. मी भांडी घासली. मान वर करायची नाही असं ठरवलं होतं...

हिरवा.

त्या दिवसापासून हे बिघाड शोधायचे थांबले.

आणि धावायला लागले.

घंटी वाजली की हातातलं टाकून पॅसेजमधून धावायचे. मी मागून जायचे तर हे रिकाम्या खोलीत हात पुढे करून उभे. "आई, थांब. आलोय मी." मग भिंतीला टेकून धाप. आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी ह्यांना बजावलं होतं, हृदय थकलंय, दगदग अजिबात नको. आणि हे दुपारभर कान टवकारून बसायचे, मी उठले तर मला हाताने खाली बसवायचे. घराबाहेर पडणं बंद झालं. लेकीने नवा टॅबलेट पाठवला होता. तो खोक्यातच राहिला, चिकटपट्टीसुद्धा न काढता. बटणरावांनी खोकं उघडलं नाही म्हणजे काय, हे मलाच कळत होतं.

खरं सांगते, मला त्या दिव्याची भीती राहिली नव्हती. भीती त्या धापेची होती. हा माणूस असाच एक दिवस त्या पॅसेजमध्ये पडणार, त्याच जागी.

एकदा म्हटलं, "अहो, काढून टाका ना ती डबी. मी थकले आता."

ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"एकदा काढली होती," म्हणाले.



नणंदेला फोन केला. तिला वाटलं मी टोमणा मारतेय. वहिनी, माझ्या एका शब्दाचं एवढं करू नका, म्हणाली आणि फोन ठेवला.

मग आली ती दुपार. ऊन नुसतं पेटलं होतं. हे स्वयंपाकघरातल्या टेबलावर डोकं ठेवून झोपले होते. कित्येक दिवसांत पहिल्यांदा झोप लागली होती त्यांना. श्वास जड चालला होता. मी नळसुद्धा बारीक सोडला होता. आणि...

टिंग... टाँग.

हे जागे झाले नाहीत.

मी उठले. विचार करून उठले असं नाही. तीन वर्षं जे पाय धावले ते आपसूक निघाले. फक्त धावले नाहीत. धावण्याचं बळ नव्हतं.

खोलीत पडदा ओढलेला. कॉम्प्युटरचा पडदा उजळलेला, आणि मग हळूच काळा झाला. पट्टी ठेवलेलं कपाट बंद. कुठे आवाज नाही. रस्त्यावरचासुद्धा नाही.

मी डावा हात कोपरात वाकवून पुढे केला.

"चला आई," मी म्हटलं. "ते घरीच आहेत. आज डबी लावलेली आहे."

हाताला काही लागलं नाही. वारा नाही, गारवा नाही. खोटं कशाला सांगू? पण मी पाऊल टाकलं, आणि थांबले. पाऊल टाकलं, आणि थांबले. मला लवकर चालताच येईना... तो वेग माझा नव्हता.

मधल्या जागेपाशी, जिथे त्या पडल्या होत्या तिथे, माझे पाय आपोआप जास्त वेळ थांबले.

मग पुढे.

स्वयंपाकघराच्या दारात पोचले तेव्हा हे जागे झाले होते. ताठ बसून माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडणार होते, की झोपा, काही नाही...

पण ते माझ्याकडे बघतच नव्हते.

माझ्या डाव्या बाजूला बघत होते. जरा खाली. सासूबाई ठेंगण्या होत्या.

हे सावकाश उठले, आणि खिडकीजवळची खुर्ची ओढून बाहेर काढली. माझ्यासाठी नाही. माझी खुर्ची दुसरी. ते वाट बघत उभे राहिले, एखाद्याला नीट बसून घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मग खुर्ची अलगद पुढे सरकवली.

रिकामी खुर्ची एवढा जोर लावून कोणी सरकवत नाही.

डबीवरचे दोन्ही दिवे गेले.

"पोचली," हे म्हणाले. आणि लहान मुलासारखे रडले.

तुम्ही काय पाहिलं, असं मी ह्यांना कधीच विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. संध्याकाळी त्यांनी टॅबलेटच्या खोक्याची चिकटपट्टी काढली आणि मला हाक मारली. "अगं, इकडे ये. ह्याने तुझा त्रास वाचणार आहे."

मला त्या वाक्याचा एवढा आनंद कधी झाला नव्हता.

त्यानंतर हे चार वर्षं होते. एका सकाळी अंथरुणातच गेले, झोपेत. धावता धावता गेले नाहीत, एवढं मी पदरात पाडून घेतलं. नणंद त्यांच्या आजारपणात येऊन राहिली होती. भावाला हाताला धरून बाथरूमपर्यंत नेत असे. आता ती मुलाकडे असते, गुडघे गेलेत. तो पलंग तिने कोणाला तरी देऊन टाकला. घर विकलं. यंत्रं लेकीने नेली आणि बरीचशी मोडीत घातली. डॉक्टरीणबाई निवृत्त झाल्या.

मी लेकीच्या शेजारच्या इमारतीत एका खोलीत राहते. डबी माझ्या कपाटात आहे. चिठ्ठ्या अजून तशाच. टाकवत नाही.

लेक बापावर गेली आहे. यंदा तिने मला एक घड्याळ आणून दिलं. मी पडले, चालले, पलंगावरून उठले, सगळं तिच्या मोबाइलवर दिसतं.

"आई, आता तुझा त्रास वाचला बघ," म्हणाली. बापाने ते वाक्य तिला शिकवलं नव्हतं, तरी अगदी तस्संच म्हणाली.

घड्याळ मनगटाला टोचतं. म्हणून दुपारी मी ते काढून कपाटात ठेवते, डबीशेजारी.

गेल्या आठवड्यात मी जेवून आडवी झाले होते. लेकीचा फोन आला, कामावरून.

"आई, तू आत्ता उठलीस का गं? एकटीने का उठतेस? घड्याळ सांगतंय, तू खोलीत चालतेयस. किती हळू चालतेयस तू. बरं वाटत नाहीये का?"

मी पलंगावर होते. कपाट बंद होतं.

"काही नाही गं," मी म्हटलं. "पाणी प्यायला उठले होते."

फोन ठेवला. खोली शांत. रस्ता शांत. उठून कपाट उघडून बघायला हवं होतं. पण मी दमलेय हो. फार दमलेय. नाही उठले.

पडल्या पडल्या डावा हात तेवढा कोपरात वाकवून बाहेर काढला.

मनगटाच्या हाडावर... नाही. नक्की सांगता येत नाही.

हात मात्र मी बराच वेळ तसाच धरून ठेवला होता.