मिस ओपलचे कपडे झेलताना

कोट

"आत जायचंय, की नुसतंच भिजायचंय?"

थिएटरच्या मागच्या गल्लीत, कॅन्सस सिटीतल्या मार्चच्या गार पावसात, मी बंद दारापुढे उभी होते. हातात शिवणाचा डबा. तो मागून आला. कवेत ड्रम, ड्रमवर स्वतःचा कोट, आणि स्वतः चिंब.

"तुमचा कोट..." मी म्हटलं.

"ह्याला सर्दी होते. कातडं सैल पडतं." त्यानं खांद्यानं दार ढकललं आणि माझ्यासाठी धरून ठेवलं. "मला काही होत नाही."

आणि लगेच शिंकला.

त्याचं नाव आर्लो. माझं व्हर्ना. मावशीचं घर सोडून आलेली, परत जायला जागा नसलेली. शिवणकाम मिळेल म्हणून आले होते. मिळालं ते वेगळंच.

हातमोजे

बर्लेस्कमध्ये बाई नाचता नाचता एकेक कपडा उतरवते, हे मी ऐकून होते. उतरवलेला कपडा जातो कुठं, हे कुणी सांगितलं नव्हतं. तो विंगेत येतो. तिथं हातांवर चादर पसरून कुणीतरी उभं असावं लागतं. जमिनीवर पडला तर काचेचे मणी फुटतात, आणि पुढच्या खेळाला तोच कपडा हवा असतो.

मिस ओपल आमची मुख्य नर्तकी. तिचं वय ती सांगत नसे, गुडघे सांगत. पहिल्या दुपारी तिनं फेकलेले दोन्ही हातमोजे मी झेलले. मग तिचे हात पाठीवरच्या हुकांकडे गेले आणि मी... मान खाली घातली. घरी तसंच शिकवलं होतं.

झगा माझ्या पायाशी येऊन आपटला.

खेळानंतर मी तिच्या खोलीत मणी ओवत बसले. आरशातूनच तिनं विचारलं, "लाज वाटली?"

"हो."

"कुणाची?"

मी सुईत पुढचा मणी ओवला. ती रागावली नाही. म्हणाली, समोरचे पुरुष बघायलाच आलेले असतात, त्यांचं सोड. तिला भरवसा टाकायला दोनच माणसं. एक विंगेतलं, सोडलेलं झेलणारं. दुसरा खाली वाद्यांच्या खड्ड्यातला, कमरेच्या प्रत्येक झटक्याला ठोका देणारा.

"तो ठोका चुकला ना पोरी, तर नाच उरत नाही. एक बाई नुसतीच उघडी उभी राहते."

मी पुन्हा मान खाली घातली नाही.

शाल

दोन खेळांच्या मधल्या वेळात आर्लो आणि मी मागच्या पायऱ्यांवर बसायचो. पावात गुंडाळलेलं बार्बेक्यूचं भाजलेलं मांस, एकाच कागदात दोघांचं.

"तू सारखा तिच्याकडेच बघत असतोस," मी एकदा म्हटलं.

"कामच आहे ते."

"छान काम आहे."

"मी कंबर बघतो. चेहरा विचारशील तर सांगता यायचा नाही."

"आणि माझा?"

अंगठ्यावरचा रस्सा पुसायला त्याला फार वेळ लागला. "डाव्या भुवईत तीळ आहे. झेलताना ओठ दुमडतेस. आणि..."

"इतकं बघायला वेळ कधी मिळतो तुला?"

"मिळत नाही," तो म्हणाला. हसला नाही. "तेच तर."

मला हे फार गोड वाटलं. तेव्हा.

पुढच्या गुरुवारी, दुपारच्या खेळात, पिसांची शाल तरंगत आली. मी झेलली. वर पाहिलं, तर खड्ड्यातून तो माझ्याकडे बघत होता.

ढम्.

ढम्.

 

मिस ओपलची कंबर फिरली आणि काहीच वाजलं नाही.

कुणीतरी फिसकन हसलं. मग अख्खी रांग. ती उभी होती, हात तसेच हवेत. दिव्याखाली पहिल्यांदाच मला तिच्या मानेवरच्या सुरकुत्या दिसल्या. मग ठोका परत आला आणि तिनं नाच संपवला.

मालकाला तिनं सांगितलं, गुडघा लचकला. खोलीचं दार लावून आम्हाला म्हणाली, "हे खोटं मी एकदाच बोलते. उद्याच्या खेळाला तुमच्यातलं एकच जण इथं दिसेल. कोण, ते तुम्ही ठरवा."

गल्लीत आर्लो भिंतीला टेकून उभा राहिला. तो जाईल म्हणाला. तुला राहायला दुसरीकडे कुठं जागा नाही, ड्रमवाल्याला कुठंही काम मिळतं. मी नको म्हटलं. तो ऐकेना.

"प्रेमात पडलं की काहीतरी चांगलं घडतं, असं वाटायचं मला," तो म्हणाला. "आज माझ्यामुळे लोक तिला हसले."

"प्रेम म्हणालास."

"म्हणालो."

"परत म्हण."

"व्हर्ना, मी रडायच्या बेतात आहे."

"मग रडून झाल्यावर म्हण."

तो म्हणाला. नीट, माझं नाव घेऊन. आणि मी तशीच धावत आत गेले.

डावा हात

आर्लोची जागा खड्ड्याच्या डाव्या टोकाला होती, डाव्या विंगेच्या अगदी खाली. तिथून ती विंग त्याला दिसूच शकत नाही. मी उजवीकडे उभी राहायचे, कारण मिस ओपल उजव्या हातानं फेकायची. पहिल्यापासून. मी तिला म्हटलं, डाव्या हातानं फेकलंत, तर मी डाव्या विंगेत उभी राहीन.

"म्हणजे मी माझा सगळा नाच उलटा करायचा," ती सावकाश म्हणाली. "तुमच्या प्रेमासाठी."

"हो."

तिनं डोळ्यांवरचा रंग पुसला. एक डोळा. मग दुसरा. "माझा डावा हात बावळट आहे," ती म्हणाली. "सकाळी लवकर ये."

सकाळी रिकाम्या थिएटरात पहिला हातमोजा पडद्यावर आदळला, दुसरा खुर्च्यांत. मी धावत होते. तिसऱ्या फेकीच्या वेळी खालून ठोका आला... आर्लोला कुणी बोलावलं नव्हतं.

दुपारी मी डाव्या विंगेत उभी राहिले. हातमोजे आले. झगा आला. शाल भलतीकडेच निघाली होती, वाकून शेवटच्या क्षणी झेलली. आर्लो मला दिसत नव्हता. फक्त तळपायांखालच्या फळ्यांतून त्याचे ठोके येत होते, प्रत्येक तिच्या कमरेबरोबर, एकही मागे नाही, पुढे नाही. म्हणजे तो तिच्याकडेच बघत होता. सगळा वेळ.

कपडे छातीशी धरून मी तिथं उभी होते, आणि मला पक्कं कळलं — ह्या माणसाबरोबर आयुष्य काढता येईल.