सोनालीचा हात

हे खरं आहे. सख्ख्या बहिणीबद्दल मी कशाला खोटं सांगू?

सोनारीच्या बाहेर माळावर आमची वस्ती. घरात मेंढरं. आठ मे २०२२, रविवार, दुपारचे दोन.

सोनाली तेव्हा सतरा वर्षांची. मरायला टेकलेल्या कोकरावर तिनं तळहात ठेवला की ते उठून मेंढीला लुचायला लागायचं.

पण...

त्याच वेळी तिच्या सगळ्यात जवळ जे जनावर असेल, ते पाय ताणून पडायचं.

हे फक्त आम्हा तिघांना माहीत होतं. आबा, ती आणि मी. आई आधीच गेलेली. आबांनी तिला बजावलं होतं, "माणसाला हात लावायचा न्हाय."

त्या दुपारी आबाच कोसळले.

छपरात, छाती धरून. ओठ निळे पडले. मी सोलापूरहून सुट्टीला आलो होतो. अँब्युलन्सला फोन लावला. परंड्याहून निघतेय म्हणाले.

आबांचा श्वास घरघरत होता.

मग घरघरही थांबली...

"सोनाली, हात ठेव," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. "दादा, मेंढरं कुठंयत?"

"धनाजीमामांनी लांब चारायला नेलीत."

"कोंबडी? कुत्रं? जवळ कायच न्हाय?"

"न्हाय."

ती आबांच्या उशाशी बसली. मग म्हणाली, "तू लांब जा. लई लांब."

मला कळलं होतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. जवळ दुसरं कुणी नसलं, तर तिच्या सगळ्यात जवळ ती स्वतःच.

तरी मी पळालो.

बांधापाशी थांबलो. टिटवी ओरडत होती. मध्येच गप झाली. वाराही पडला.

मग छपरातून... आबांचा खोकला.

आबा उठून बसले होते. पाणी मागत होते. सोनाली छपराच्या खांबाला टेकलेली, डोळे उघडे. तळहात अजून आबांच्या छातीवर. तो सोडवायला मला जोर लावावा लागला.

सगळ्यांना आम्ही सांगितलं, सोनाली उन्हाच्या झटक्यानं गेली.

आबा आज ठणठणीत आहेत. तिचं नाव घेत नाहीत. एकदाच म्हणाले, "पोरगी आज ना उद्या दुसऱ्याच्या घरी जाणारच व्हती."

मी त्यांना काय बोलणार? पळालो तर मीच होतो.

मागच्या महिन्यात बायको मंजुषा आणि आठ महिन्यांचा समर्थ, दोघांना घेऊन वस्तीवर गेलो. मला ताप भरला. दुपारी त्याच छपरात पडलो होतो. शेजारी समर्थ झोपलेला.

बाहेर मेंढरं ओरडत होती.

एकदम सगळी गप झाली...

माझ्या कपाळावर तळहात टेकला.

गार. लोकरीचा वास येणारा.

डोळे उघडायची हिंमत झाली नाही. थोड्या वेळानं हात निघाला. अंगात ताप नव्हता.

मी झटकन समर्थच्या नाकापुढं बोट धरलं. श्वास चालू होता. मंजुषा चुलीपाशी भाकरी थापत होती. आबा खाटेवर घोरत होते. मेंढरं तीनदा मोजली. सगळी उभी.

साधा ताप होता हो. गोळीनं उतरला असता.

या वेळी तिनं कुणाचं घेतलं, ते अजून कळलेलं नाही.

समर्थ झोपला की मी उठून उठून त्याच्या नाकापुढं बोट धरतो. मंजुषा विचारते, "काय बघताय सारखं?"

मी म्हणतो, काही नाही.