रविवारचा पाऊस

भीमाचार्य सर चिखलात पालथे पडले होते आणि त्यांच्या डोक्याची मागची बाजू जागेवर नव्हती.

पहार शेजारीच होती. टोकाला केस चिकटले होते, पांढरे, बारीक. पहाटेच्या पावसाने जड झालेली पारिजातकाची फुलं गळून पाठीवर पडली होती. देठ कुठला आणि रक्त कुठलं, ते वाकून बघावं लागत होतं.

सबइन्स्पेक्टर रंजिता मोहिते वाकली. शनिवार, ऑक्टोबरची अकरा तारीख, सकाळचे सात पस्तीस. बेंगळुरूच्या बसवनगुडीतली जुनी दगडी शाळा. पहाटे तीनला लागलेला पाऊस पाचला थांबला होता आणि मैदानभर लाल गढूळ डबकी साचली होती.

दुसरं रक्त फाटकाजवळ होतं. तिथे शिवकुमार माळी पडला होता. जिवंत होता, पण जेमतेम.

शाळेला सुट्टी होती; सव्वासातला पालक आणि शिक्षक मुलांविना निसर्गफेरीसाठी जमले. त्यांना दिसला रक्ताने माखलेला माळी, सरांचं डोकं मांडीवर घेतलेला. कुणी काही विचारलं नाही. फाटकापर्यंत फरफटत नेलं. लाथा, छत्र्यांचे दांडे, एका बापाचं हेल्मेट. जबडा मोडला. उजव्या हाताची बोटं कुणीतरी बुटाने चिरडली.

"मॅडम, ह्यानेच मारलं," गर्दीतून एक माणूस पुढे आला. भूगोलाचे फत्तेसिंग जगताप सर. पन्नाशीचे, शर्टावर रक्ताचे शिंतोडे. मराठी बेंगळुरूतल्या जुन्या मराठी घरांतली, मऊ. "पहार ह्याचीच. परवाच सरांनी ह्याला झापलं होतं, घरट्याची फांदी तोडली म्हणून."

"तुमच्या शर्टावर रक्त कसलं?"

"ह्याचंच. मीपण दोन घातल्या, खोटं कशाला बोलू."

"सरी, ठीक आहे. ज्यांनी ज्यांनी घातल्या, त्या सगळ्यांचे शर्ट मला हवेत. आजच."

तिने मैदानाला फीत बांधायला लावली. हेड कॉन्स्टेबल नागनाथला फाटकावर उभं केलं. संध्याकाळपर्यंत माशी आत जाणार नाही, असं सांगितलं.

मग ती एकटी फिरली. प्रेतापासून बारा पावलांवर तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक होता, पितळी नरसाळ्याचा. त्याच्या पायथ्याशी काचेची मोजनळी आणि एक दगड होता, आणि दगडाच्या खळग्यात फिकट गुलाबी पाणी. तिने नरसाळं उचलून आतली बाटली पाहिली. कोरडी होती. अंगण ओलं, झाडं ओली, आकाशसुद्धा ओलं, आणि पाऊस मोजायची बाटली तेवढी कोरडी.

उलट्या दिशेला, प्रेतापासून दहा पावलांवर, पंपघर. दार उघडं, आतला नळ फिरवला की पाणी येत होतं. किल्ली शिवकुमारच्या कमरेला होती.

सरांच्या खिशात वही होती, रक्ताने फुगलेली. रोजची तारीख, रोजचा पाऊस. शेवटची नोंद दहा तारखेची. अकराचं पान कोरं. शेवटच्या पानावर लाल शाईत फक्त तारखा: सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस. खाली आणखी महिने, आणखी तारखा. समोर काहीच लिहिलेलं नव्हतं.

*

प्रयोगशाळेत शिक्षक सकाळपासून बसवून ठेवले होते. रंजिता अकराला आत गेली. भिंतीवर महिन्याचा तक्ता, एकतीस चौकोन, शाळेचा पाऊस. वर मुलांच्या अक्षरात लिहिलं होतं: नऊ वर्षं, एकही दिवस रिकामा नाही.

तिने बाकीच्यांना व्हरांड्यात पाठवलं आणि जीवशास्त्राच्या रम्याला थांबवलं. रम्याचे डोळे सुजले होते.

"हा तक्ता कोण भरतं?"

"मुलं. रोज साडेआठला बाटलीतलं पाणी मोजनळीत ओतायचं, वाचायचं, वहीत लिहायचं. मग पाणी चाफ्याच्या रोपाला घालायचं आणि बाटली रिकामी परत ठेवायची. मोजलेलं पाणी ठेवलं तर उद्याचा पाऊस चुकतो ना. चिमुरड्यांनासुद्धा तोंडपाठ आहे."

"सुट्टीच्या दिवशी?"

"फत्तेसिंग सर येतात. राजाजीनगरहून, रविवारीसुद्धा. मुलं त्यांना पाऊससर म्हणतात." रम्या नाक पुसत म्हणाली, "आमचे आकडे विद्यापीठात जातात मॅडम. शहरभरच्या शाळा मोजतात, पण अशी सलग नोंद कुणाकडे नाही. पुढच्या महिन्यात सत्कार होता, दोघांचा."

"भांडण होतं का दोघांत?"

"छे. नऊ वर्षांची जोडी. सर त्यांना फत्ते म्हणायचे."

"भीमाचार्य सर इतक्या सकाळी का आले?"

"माहीत नाही. छोट्या फाटकाची किल्ली त्यांच्याकडे होती. काल म्हणाले, उद्या पालकांसमोर एक गोष्ट सांगायची आहे, सांगणारा मी नाही. आणि हसले नाहीत."

रंजिता तक्त्यासमोर उभी राहिली. अकराच्या चौकोनात, निळ्या पेनाने, आकडा होता. २३.६.

तिने तो टिपून घेतला.

"दुसरीकडे कुठे पाऊस मोजतात का इथे?"

"गच्चीवर. चौथीच्या मुलांनी कोल्ड्रिंकची बाटली कापून केलंय. वहीसुद्धा आहे त्यांची. खेळणंच, पण सरांना फार कौतुक. आठवडाभर रोज संध्याकाळी वर जाऊन ती वही वाचत बसायचे."

रंजिता गच्चीवर गेली. बाटलीला कागदी पट्टी चिकटवलेली, वर चिकटपट्टी. पाणी तेवीस आणि चोवीसच्या मध्ये उभं होतं. तिने फोटो काढला आणि मुलांची वही काखेत मारली.

*

सरकारी इस्पितळात शिवकुमार खाटेला बेडीने बांधलेला. जबडा तारेने आवळलेला. अंबूबाई खाटेखाली बसली होती, निपाणीकडची, हिरव्या लुगड्याची. पुढ्यात कागदाची पुडी.

"अक्का, तो किती वाजता घरून निघाला?"

"पावणेसातला. आमचं घर भिताडापल्याडच हाय. सातला पंप लावायचा, हे त्याचं रोजचं." तिने वर पाहिलंच नाही. "साळंत पाऊस मोजत्यात. पाखरं मोजत्यात. झाडाची पानं मोजत्यात. माझ्या माणसाचं दात किती पडलं, ते मोजलं का कुणी?"

तिने पुडी उघडली. मग पुन्हा मिटली.

रंजिताचा फोन वाजला, वरिष्ठ होते. कानडीत म्हणाले, "मोहिते, आरोपी रक्तात भिजवून हातात दिलाय. आणखी काय, ताटात वाढून देऊ? सोमवारी अकराला कोर्टात कागद हवेत."

"देते सर," ती म्हणाली. कुणाच्या नावाचे, ते बोलली नाही.

*

सोमवारी सकाळी साडेआठला तिने प्रयोगशाळेत तिघांना बोलावलं. रम्या, फत्तेसिंग आणि दाराशी नागनाथ. अंबूबाईला तिने स्वतः आणून मागच्या बाकावर बसवलं होतं.

"अडीच तासात शिवकुमारवर आरोप ठेवायचाय," रंजिता म्हणाली. "त्याआधी नोंद नीट करून घेऊ. पोलिसांनी शनिवारी पर्जन्यमापक उघडला, तेव्हा बाटली कोरडी होती. पंचनाम्यात तसंच आहे. म्हणजे अकरा तारखेचा पाऊस शून्य."

तिने फडकं घेतलं, तक्त्यावरचा २३.६ पुसला आणि तिथे शून्य काढलं.



"हे चूक आहे," फत्तेसिंग म्हणाले.

"का? बाटली कोरडी होती."

"अहो, पहाटे दोन तास कोसळलाय. शून्य कसा असेल? तेवीस पॉइंट सहा आहे."

"कुणी वाचला?"

"कुणीतरी वाचला असेल. मुलांनी."

"मूल आलंच नव्हतं. साडेसात ते संध्याकाळ फीत होती. सव्वासात ते साडेसात तुम्ही सगळे एका माणसाला तुडवत होतात. आणि त्याआधी, सातपासून, शिवकुमार प्रेताशी होता."

"मग सरांनीच वाचला असेल, मरायच्या आधी."

"सर वाचल्या वाचल्या खिशातल्या वहीत लिहायचे. अकराचं पान कोरं आहे. आणि मेलेला माणूस खोलीत येऊन तक्ता भरत नाही."

फत्तेसिंग हसले. कोरडं हसू. "तर मग अंदाजाने लिहिला असेल कुणी."

"गच्चीवरच्या बाटलीत तेवीस आणि चोवीसच्या मध्ये पाणी होतं. एवढा नेमका अंदाज?" रंजिता बाकावर टेकली. आवाज चढला नाही. "आता मी सांगते. चुकलं तर थांबवा.

"सरांचा खून शिवकुमार यायच्या आधी झाला. सहाच्या सुमाराला. कसं कळलं? खुन्याला हात धुवायचे होते, तोंड धुवायचं होतं, रस्त्यावर जाऊन पुन्हा माणसांत यायचं होतं. पंपघराला तेव्हा कुलूप. डबक्यांत लाल चिखल. अख्ख्या मैदानात स्वच्छ पाणी एकाच ठिकाणी होतं, पर्जन्यमापकात. अर्धा लिटरभर. ते पाणी दगडावर सांडलं आणि गुलाबी झालं. बाटलीच्या आट्यात सरांचं रक्त सापडलंय. शिवकुमारला ह्यातलं काही करायची गरज नव्हती. किल्ली त्याच्या कमरेला आणि नळ दहा पावलांवर होता, तरी त्याचे हात रक्ताचे राहिले. कारण त्याने डोकं मांडीवर घेतलं होतं. धुवायचं त्याला सुचलंच नाही.

"पण हात धुवायला पाणी ओतणारा माणूस आधी ते मोजेल का? हातात रक्त, बारा पावलांवर मित्र पडलेला, आणि तो मोजनळीत पाणी ओततो, डोळ्याच्या रेषेत धरतो, वाचतो. मगच हात धुतो. असं करणारा माणूस ह्या शहरात एकच असेल. ज्याला न मोजता पाणी ओतताच येत नाही. आणि ज्याला रिकामा चौकोन बघवत नाही."

रम्याने तोंडावर हात धरला.

"सुट्टीचे आकडे तक्त्यावर तुम्ही लिहिता, सर. शनिवारी तुम्ही इथे तीन तास बसला होतात. समोर अकराचा चौकोन रिकामा."

"कारण काय?" फत्तेसिंग हळू म्हणाले. "तो मला थोरल्या भावासारखा होता."

रंजिताने दोन वह्या मेजावर ठेवल्या. एक फुगलेली, एक चौथीच्या मुलांची, कव्हरवर बेडूक काढलेला.

"सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस. गेल्या महिन्याचे रविवार. आधीचे सगळे रविवारच, आणि सणवार. चौथीतली एक मुलगी शाळेमागेच राहते, ती रविवारीसुद्धा गच्चीवर चढते. तिच्या वहीत एकवीसला बत्तीस मिलिमीटर. तुमच्या नोंदीत शून्य. चौदाला तिच्याकडे कोरडं, तुमच्याकडे अकरा. ह्या शहरात एका गल्लीत पूर येतो आणि पुढच्या गल्लीत धूळ उडते. राजाजीनगरच्या खिडकीतून बसवनगुडीचा पाऊस दिसत नाही, सर. तुम्ही घरी बसून लिहीत होतात. किती वर्षं?"

फत्तेसिंग आपला गुडघा चोळू लागले.

"शनिवारी पालकांसमोर तुम्ही स्वतः सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्याआधी दोघांनी मिळून एकदा खरा पाऊस वाचू, म्हणून सहाला बोलावलं. बरोबर?"

फत्तेसिंग तक्त्यावरच्या शून्याकडे बघत होते.

"तीन वर्षं," ते म्हणाले. "गुडघे गेले माझे. दोन रविवार चुकले, तेव्हा वाटलं, भरून टाकू. मग चुकतच गेले. भीमा म्हणाला, दीडशेच्या वर दिवस खोडायचे. लाल शाईने. लिहायचं, वाचलं नाही. मी पाया पडलो. म्हणाला, फत्ते, भोक राहू दे, भोक खरं असतं. आणि वळला. पहार तिथे भिंतीला होती."

"किती वार?"

"मोजले नाहीत."

"पाच," रंजिता म्हणाली. "आणि बाहीवर त्यांचं रक्त राहिलं, म्हणून तुम्ही परत येऊन शिवकुमारला सगळ्यांत आधी मारलंत. एका पालकाच्या फोनमध्ये आहे. पहिली लाथ तुमची, बोटं चिरडणारा बूट तुमचा. एका रक्ताखाली दुसरं लपवायला. शर्टावर दोघांचं निघालंय."

मागच्या बाकावर काहीतरी हललं. अंबूबाई उभी राहिली होती.

फत्तेसिंगांनी मेजावरची प्रयोगाची काचेची मोजनळी उचलली आणि कडेवर आपटली. नागनाथ पोचायच्या आत त्यांनी तो दातेरी तुकडा स्वतःच्या गळ्याकडे नेला. रंजिताने मनगट धरलं. काच तिच्या कोपरापासून पंजापर्यंत उतरली. दोघं बाकांवर कोसळली, तक्ता निखळून खाली आला. नागनाथने त्यांचा हात पाठीमागे इतका पिळला की खांदा सुटल्याचा आवाज झाला. ते ओरडले नाहीत. गाल फरशीला दाबलेला, तरी पुटपुटत होते.

"ते शून्य पुसा. तीन वर्षांत एवढा एकच सुट्टीचा दिवस मी खरा वाचलाय. तेवीस पॉइंट सहा. शून्य पुसा."

रम्याने तक्ता उचलला. शून्य पुसलं, २३.६ लिहिलं. मग पेन पुढच्या चौकोनावर थांबलं. बारा तारीख, रविवार. शाळेला सील होतं. त्या चौकोनात तिने बारीक अक्षरांत लिहिलं, वाचलं नाही.

*

इस्पितळात अकराला रंजिताने बेडी काढली. तिच्या हाताला बावीस टाके होते, किल्ली डाव्या हाताने फिरवावी लागली. शिवकुमारने मनगट चोळलं आणि तारेतून काहीतरी बोलला. कुणाला कळलं नाही. अंबूबाईला कळलं.

"चाफ्याला कुणी पाणी घातलं का, इचारतोय."

"घातलं," रंजिता म्हणाली. "रम्या मॅडमनी."

ती निघाली. दाराशी थांबली, परत आली, खाटेपाशी उकिडवी बसली.

"अक्का, चार. तीन पुढचे, एक दाढ. दुसरी फिर्याद शिवकुमारच्या मारहाणीची आहे. मारणाऱ्या अकरा जणांची नावं आहेत, हेल्मेटवाल्यासकट. ती पुडी मला पुरावा म्हणून लागेल."

अंबूबाईने पुडी उघडली. बोटाने एकेक दात बाजूला केला, ओठ हलवत. मग पुडी मिटून तिच्या हातात दिली.

"बराबर हाय," ती म्हणाली. "लिवून घ्या."