एकतीस आवाज

अहेरीच्या बसस्टँडसमोरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात संघप्रिया धापा टाकत शिरली. आठवडी बाजाराच्या आवाजांचा तिचा कार्यक्रम रेडिओच्या स्पर्धेला पाच वाजेपर्यंत पाठवायचा होता, आणि लॅपटॉप आज सकाळीच बंद पडला होता.

दुकानातल्या तरुणानं पेनड्राइव्ह लावून प्रोजेक्ट उघडला. पडद्यावर लाल यादी आली — एकतीसच्या एकतीस आवाज सापडत नाहीत.

“असं कसं? आहेत ना यातच.”

“तुमच्या घरी पेनड्राइव्हले ई अक्षर होतं, इथी जी आलं. सॉफ्टवेअरनं पूर्ण पत्ता पाठ केला, आता बिचारं ई शोधत फिरून राह्यलं.”

“कळतं मला भाऊ, बीएस्सी आहे मी.”

“मंग असं काऊन ठेवलं?” म्हणत तो हसला.

संघप्रिया गोंधळली. हे हसू तिच्या ओळखीचं होतं... पण चेहरा तर साफ अनोळखी.

तो समजावत होता — आवाजांचं फोल्डर प्रोजेक्टच्या शेजारीच ठेवायचं, पत्ता प्रोजेक्टपासून मोजायचा. मग पेनड्राइव्ह कुठंही लागो. ती मान हलवत होती. डोक्यात मात्र एकच — कुठं ऐकलं हे?

लाल नावं एकेक करत काळी झाली. तपासायला त्यानं शेवट वाजवला. तराजूची खणखण, मोहफुलांची घासाघीस, आणि मग... एक हसू.

“हे तं मीच आहो,” तो हळूच म्हणाला.

तिचे कान तापले. महिन्यापूर्वी बाजाराच्या गर्दीत तिनं माइक त्या हसण्याकडे वळवला होता, माणूस पाहिलाच नव्हता. तिनं त्याला स्पर्धेचा नियम आणि पाचची मुदत सांगितली — ओळखू येणाऱ्या प्रत्येक आवाजाची लेखी परवानगी हवी.

“वीस मिनिटं राह्यली. काढून टाकू?”

“नको. त्याच्याशिवाय शेवटच नाही... तुम्ही परवानगी द्या ना, भा—” शब्द अर्ध्यातच अडला.

“भाऊ म्हणाल तं देत नाई. श्रावण म्हणा.”

“...श्रावण.”

तिनं पिशवीतून काढलेल्या परवानगीच्या फॉर्मवर त्यानं सही केली. खाली एक रकाना उरला होता — या व्यक्तीशी ओळख कशी? तिनं लिहिलं : ‘चेहऱ्यानं आजची. आवाजानं महिन्याची, रोजची.’

त्यानं वाचलं. आता तो हसला नाही.

“रोज?”

“दिवसातून सरासरी चार वेळा,” ती म्हणाली, आणि कार्यक्रम पाठवून दिला.