रामाच्या मशीनचं टायमिंग

दार ओढून घे गो निशिगंधा, आणि बसा सगळी. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो रूपेश माझ्याच हाताखाली शिकला. काळबादेवीला खाडीच्या कडेला त्याची शेड आहे, होड्यांची मशीनं दुरुस्त करतो.

गेल्या दत्तजयंतीची आदली रात्र. पावणेनऊचा सुमार. खाडीवर टिपूर चांदणं. रामा होडीचं मशीन खांद्यावर घेऊन आला.

"दोरी खेचली की हाताला उलटा झटका देतंय रे. पहाटे जाळी टाकायला जायचंय. रात्रीतच बघ." आणि निघता निघता म्हणाला, "सुजय असता तर घोर नव्हता."

सुजय म्हणजे पलीकडच्या आळीतला मिस्त्री. पावसात काविळीने गेला. त्याची बायको मैना, तिने त्याचा टायमिंग लाइट स्वतः रूपेशला आणून दिला. "भावोजी, तुमच्याकडेच असू दे." याने घेतला. पण गावात कुणाचंही मशीन उघडा, चाकावर सुजयने ओढलेली बारीक पांढरी रेघ असायचीच. ती दिसली की रूपेश आतून जळायचा. मेलेल्या माणसाचाही मत्सर करता येतो, पोरांनो.

तर त्याने मशीन, पंखा बुडेल असं, पाण्याच्या पिंपात उभं केलं. प्लग बघितला, ठिणगी बघितली. सगळं ठीक. मग टायमिंग लाइटचा चिमटा प्लगच्या वायरीला लावला. ठिणगी पडली की तो लाइट लखकन चमकतो, आणि त्या उजेडात गरगरणारं चाक थांबल्यासारखं दिसतं. रेघ मशीनवरच्या काट्यासमोर आली की ठिणगीचं टायमिंग बरोबर. इथे रेघ बोटभर सरकलेली. टायमिंग पुढे-मागे करायच्या दांडीचा नट ढिला झाला होता, एवढंच.

दोन मिनिटांचं काम. पण रूपेशने मशीन बंद केलं, थिनरच्या चिंधीने सुजयची रेघ पुसली आणि आपली लाल रेघ ओढली. मुद्दाम चुकीच्या जागी, आणि टायमिंगही तिच्यावरच जुळवलं! पिंपात चाललं असतं, लाटांवर भार आला की बंद पडलं असतं. "सुजयनेच आत बिघडवून ठेवलेलं, मी जमेल तेवढं केलं," हे रामाला सांगायचं वाक्यसुद्धा तयार. हे त्याने मला मान खाली घालून सांगितलं.

पुन्हा दोरी खेचली. लाइट धरला.

चाकावर पांढरी रेघ. ओली, ताजी.

लाइट विझवला, मशीन बंद केलं. बोट फिरवून बघितलं. नुसती लाल रेघ.

परत सुरू केलं. लखकन... रेघ पांढरी. आणि काट्याजवळ एक बोट. टेकलेलं.

चांदण्यात काही नाही. लाइटमध्ये बोट.

"कोण आहे?"

पुढच्या चमकेत आख्खा हात. काळपट, नखांत ग्रीस. चाक थांबलेलं दिसत होतं. हात मात्र सरकत होता. दर चमकेला थोडा वर. याच्या मनगटाकडे.

रूपेशने बंदचं बटण दाबलं. मशीन थांबेना. दाबून धरलं. थांबेना.

हात लाइटवर आला... याच्या मुठीवर. गार.

"बरोबर लावतो," रूपेश म्हणाला. रडायलाच आला होता. "सुजय, लावतो रे... बरोबर लावतो."

मशीन आपोआप थांबलं.

मग त्याने लाइटमध्ये दिसलेल्या पांढऱ्या रेघेच्या जागी टायमिंग आणलं, नट आवळला. पहाटे रामा मशीन घेऊन गेला. दुपारी बांगडा भरून आला तो थेट शेडवर. "एका खेचीत सुरू! तुझा हात अगदी सुजयसारखा बसलाय रे."

"त्याचाच होता," रूपेश म्हणाला. रामा हसला.

तो लाइट मी हातात घेऊन बघितलाय. कारखान्यातून बंद होऊनच आलेला, कुठे स्क्रू नाही, उघडायची सोय नाही. त्याच्या काचेवर ग्रीसने माखलेल्या अंगठ्याचा ठसा आहे. मी धोतराच्या सोग्याने पुसून पाहिला.

ठसा काचेच्या आतून आहे.