बुधवारचा लिहिण्याचा तास

प्रिंटरमधून दोघांची पानं एकात एक येऊन पडली, आणि तिचा अर्ज नेमका त्याच्या हाती लागला. पीएचडी सोडण्याचा अर्ज. वाचायचा नव्हता त्याला, पण डोळ्यांना कोण आवरणार?

“छान लिहिलंय,” तो म्हणाला.

“अर्ज आहे तो. कथा नाही.” तिने पान ओढून घेतलं.

“मग कथा लिहायला बुधवारी या. वरच्या मजल्यावर तास असतो, आपल्यासारख्या पिचलेल्यांचा. प्रबंध सोडून काहीही लिहायचं.”

“तुम्ही काय लिहिता?”

“एरवी माती तपासतो. तिथे खोटं लिहितो.”

ती हसली नाही. चार महिने हसली नव्हती. तिच्या गाइडबाईंनी प्रकरण तीनदा परत पाठवलेलं. मार्गदर्शक म्हणे! वाट दाखवायची सोडून पायातले काटे मोजणारी बाई. पण खरं दुखणं वेगळंच होतं. वडील गेले त्या दिवशी ती प्रयोगशाळेत डासांच्या अळ्या मोजत बसली होती, फोन कपाटात ठेवून. त्या दिवसाचा तक्ता उघडला की हात लुळे पडायचे, आणि तक्त्यावाचून प्रकरण पुढे सरकत नव्हतं.

बुधवारी ती गेली. का गेली, तिचं तिलाच ठाऊक. तासाची रीत अशी — वाचून दाखवायचं. ऐकणाऱ्यांनी वाहवा करायची नाही, मनात काय राहिलं तेवढंच सांगायचं. तिने तोच दिवस लिहिला. अळ्या किती, फोन किती वेळा वाजला…

मातीवाला हळूच म्हणाला, “अठरा वेळा.”

ती तिथेच रडली. दुसऱ्या दिवशी तक्ता उघडला. या वेळी हात चालले.

मग बुधवार येत राहिले. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंही नाही.

एका बुधवारी त्याने वाचलं, त्यात खोटं अक्षर नव्हतं. पीएचडीची मुदत संपली म्हणून त्याचं नाव कमी झालं होतं. सहा वर्षं पाण्यात. शनिवारी सकाळी तो दूरच्या कारखान्यात नोकरीला निघणार होता. शेवटची ओळ — इथे मी फक्त एकीसाठी येत होतो.

तिने त्याला जिन्यात गाठलं. “चारचौघांत सांगतात होय असं?”

“एकटीला सांगायची छाती नव्हती.”

“मीही सोडते सगळं. येते तुझ्याबरोबर.”

“ये ना…” तो म्हणाला. इतक्या आशेने, की तिचा जीव गलबलला.

“नाही,” ती म्हणाली. “आत्ता सोडलं, तर बाबांकडे न गेलेली मुलगी तेवढी उरेन मी. वर्ष लागेल. थांबशील माझ्यासाठी?”

“हरलेल्या माणसाच्या शब्दावर विसंबू नकोस गं.”

“तुझ्या शब्दावर नाही. तुझ्यावर.”

शनिवारी गाइडबाईंनी साडेदहाला बोलावलं होतं. ती बाराला पोचली, डोळे सुजलेले.

“कुठे गेली होतीस?”

“निरोप द्यायला,” ती म्हणाली, आणि पुरं झालेलं प्रकरण टेबलावर ठेवलं.